उघडी पाठ

इंग्रजीत लहान मुलींसाठी घोड्यांच्या गोष्टींचं एक वेगळं दालनच आहे, हे मला माझ्या नातीमुळे कळलं. ती परदेशात वाढते आहे. सुट्टीत दहिवलीला येते तेव्हा कपड्यांपेक्षा पुस्तकांनीच तिची बॅग जड असते, आणि त्यातली निम्मी घोड्यांची. दुपारी ती झोपली की मीही चाळते. मास्तरकीची सवय, दुसरं काय!

अ‍ॅना स्युएलचं 'ब्लॅक ब्यूटी' (१८७७) ह्या सगळ्या घराण्याचं मूळ. त्यात घोडाच स्वतःची हकिगत सांगतो. मग १९३५चं 'नॅशनल व्हेल्वेट', १९४१चं वॉल्टर फार्लेचं 'द ब्लॅक स्टॅलियन', आणि त्यांच्यामागून आलेली शेकडो पुस्तकं. बरीच वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ह्या गोष्टींत बहुधा एक क्षण येतोच. कोणाला न जुमानणारा घोडा एक दिवस शांत उभा राहतो आणि मुलगी (किंवा मुलगा) त्याच्या उघड्या पाठीवर बसते. खोगीर नाही, रिकीब नाही, कधी लगामही नाही. फार्लेच्या पुस्तकात तर जहाज बुडून निर्जन बेटावर अडकलेला मुलगा तसाच काळ्या घोड्यावर बसून किनाऱ्याने दौडतो. तिथून पुढे दोघं एकमेकांचे. खोगीर काढलं म्हणजे मधला पडदा गेला, असा एकूण भाव.

वाचायला फार छान वाटतं. पण इतिहास शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईच्या मनात लगेच प्रश्न येतो, की आपल्याकडे काय होतं? आपलं राज्य तर घोड्याच्या पाठीवर उभं राहिलेलं. मग आपल्या गोष्टींत ही उघडी पाठ कुठे आहे?

आधी भाषेतच शोधलं. मराठीत घोडा जागोजाग आहे. घोडामैदान जवळ असतं, घोडं पेंड खातं, वरातीमागून घोडं येतं, भाड्याचं तट्टू असतं. आणि खोगीरभरती! आज आपण हा शब्द बिनकामाच्या माणसांच्या भरण्यासाठी वापरतो, पण मूळ अर्थ अगदी साधा आहे. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरची जाड, भरीव गादी. तिच्यात चिंध्या-चिरगुटं, जे हाताला येईल ते कोंबायचं, ती खोगीरभरती. शब्दाला वाईट अर्थ चिकटला, पण खऱ्या खोगिराला ती भरती फार मोलाची. घोड्याच्या पाठीचा कणा वर असतो. उघड्या पाठीवर बसलं की माणसाचं सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं आणि कण्याजवळच्या थोड्याशा जागेवर रुततं. नीट भरलेलं, नीट बसवलेलं खोगीर ते वजन दोन्ही बाजूंना पसरवतं. म्हणजे खोगीर जितकं स्वारासाठी, तितकंच घोड्यासाठी. गोष्टीतल्या मुलीला जो पडदा वाटतो, तो घोड्याच्या बाजूने पाहिलं तर आधार असतो.

रिकिबीचा इतिहासही आपल्या अंगणातलाच निघावा ही मला मोठी गंमत वाटते. कर्जतहून बोरघाट चढून गेलं की मळवलीजवळ भाजे लेणी. इसवी सनाच्या आधीची. तिथे सूर्याचा रथ कोरला आहे आणि सोबत घोड्यावरच्या आकृती आहेत. त्यांच्या पायाशी जे कड्यासारखं दिसतं, ते रिकिबीचं अगदी आरंभीचं रूप असावं असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे उघड्या पाठीवरून पाय लोंबकळत जाणं किती अवघड, हे आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीही ठाऊक असणार.

शिवकालात तर घोड्याची काळजी हे राज्याचंच काम होतं. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हे आपण शाळेत शिकलो. सभासदाने पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला. मुलं हे आकडे पाठ करत आणि पेपर संपला की विसरत. मी त्यांना त्याच्या पुढचं वाक्य मुद्दाम वाचून दाखवत असे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणणारा एक आणि नाल ठोकणारा एक. तलवारबाजीच्या आधी पाणी आणि पाय!

राज्याभिषेकाच्या सुमाराचं महाराजांचं एक पत्र आहे, चिपळूणजवळच्या घोडदळाच्या छावणीला लिहिलेलं. त्यात पराक्रमाचा शब्द नाही. आहे ती दाणावैरणीची चिंता. आताच सगळं उधळलंत तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. दिवे जळत ठेवू नका, उंदीर वात पळवेल आणि गवताच्या गंजी पेटतील. रयतेला त्रास देऊ नका. हे पत्र ज्यांना उद्देशून आहे ते जुमलेदार, हवालदार आणि कारकून. पण ते पाळायचं होतं पागेतल्या माणसांनी. खरारा करणाऱ्या, तोबरा बांधणाऱ्या मोतद्दारांनी. लढाईहून आलेल्या घोड्याचा तंग सैल करून, खोगीर उतरवून त्याची उघडी पाठ पहिल्यांदा पाहायचे ते हेच लोक. त्यांची नावं कुठल्या बखरीत शोधायची?

आता घोड्यावरच्या बाईची गोष्ट. ती तर आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती सांगणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि नेमके बंडात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. झाशीच्या राणीला प्रत्यक्ष पाहिलेला हा लेखक. त्यांच्या राणीला मल्लखांबाचा आणि घोडदौडीचा नित्य व्यायाम आहे, आणि घोड्याची पारख तर अशी की त्या काळी उत्तरेत तीन नावं घेतली जात : नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि लक्ष्मीबाई. एकदा विकायला आलेल्या दोन उमद्या दिसणाऱ्या घोड्यांवर ती स्वतः बसून फेरी मारून आली. एकाला तिने भरपूर किंमत सांगितली आणि दुसऱ्याला अगदी किरकोळ, कारण तो छातीत दुखावलेला होता. बघणाऱ्यांना ते कळलं नव्हतं. तिला पाठीवर बसल्यावर कळलं.

लोककथेतली राणी मुलाला पाठीशी बांधून किल्ल्याच्या तटावरून घोड्यासह उडी मारते. झाशीच्या किल्ल्यात ती जागाही दाखवतात. गोडसे भटजींची राणी रात्री घोड्यावर बसून वेढ्यातून बाहेर पडते आणि पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी त्यांना भेटते. तहानेने व्याकूळ, धुळीने माखलेली. भटजी पाणी काढू लागतात तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढून घेते. मला ही राणी तटावरून उडी मारणाऱ्या राणीपेक्षा मोठी वाटते. घोड्याला काय झेपतं आणि काय नाही, हे जाणणारी बाई त्याला तटावरून खाली कशाला फेकेल?

वरच्या तीन नावांतले बाबासाहेब आपटे लक्षात ठेवा, कारण उघड्या पाठीचा धागा त्यांच्याकडूनच पुढे जातो. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे गाणं शिकायच्या ओढीने ग्वाल्हेरला गेले. हद्दूखाँकडे गाणं आणि आपट्यांकडे अश्वविद्या अशा दोन्ही विद्या घेऊन परतले आणि कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे घोड्यांचं काम पाहू लागले. मुंबईत चिआरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस आली होती. हिंदुस्थानी माणसाला हे एवढ्यात जमायचं नाही, असं तो म्हणाला म्हणतात. छत्र्यांनी ते मनावर घेतलं आणि १८८० मध्ये स्वतःची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. भारतीय सर्कशीचा जन्म तो.

जुन्या सर्कशीचा जीव म्हणजे घोडे, वाघ-सिंह नव्हेत. आणि घोड्यांच्या कामांत सगळ्यांत मानाचं काम उघड्या पाठीवरचं. धावत्या घोड्यावर उभं राहायचं, उडी मारून पुन्हा त्याच पाठीवर यायचं. ह्यामागची युक्ती इंग्लंडमधल्या फिलिप अ‍ॅस्टलीने १७६८ च्या सुमारास रूढ केली. घोडा गोल रिंगणात धावला की स्वार आतल्या बाजूला किंचित कलून तोल साधू शकतो. पुढे बेचाळीस फुटांचं रिंगण जगभर कायम झालं. पाय घसरू नये म्हणून घोड्याच्या पाठीवर राळ घासायची पद्धत होती. घोडा असा तयार करावा लागे की टाळ्या पडोत की बँड वाजो, त्याची लय एका पावलाने चुकता कामा नये. छत्र्यांसारख्या गवयाला लय म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको होतं. नंतर हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ ह्यांना त्यांनी सर्कशीबरोबर सांभाळलं, ही गोष्ट गाण्यातली मंडळी जाणतातच.

म्हणजे बघा, जिथे खरोखर खोगिरावाचून स्वारी झाली, तिथे ती मोकाट स्वातंत्र्याची नव्हती. रोजच्या मेहनतीची होती. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे, मांड. मांडीची ती पकड मल्लखांबावर घडते, पडून पडून घडते. ती असेल तर खोगीर असलं काय नि नसलं काय. नसेल तर रिकीबही वाचवत नाही.

आणि तिसरी उघडी पाठ आपल्या डोळ्यांसमोरची, माथेरानची. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढले आणि गोऱ्या साहेबांचं थंड हवेचं ठिकाण वसलं. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉयांची छोटी गाडी सुरू झाली. पण गावात मोटारबंदी, म्हणून घोडा टिकला. आजही चारशेच्या वर घोडे तिथे माणसं वाहतात. दिवसभर त्यांच्यावर रंगीत झालरीचं खोगीर असतं. संध्याकाळी खोगीर उतरतं आणि एखादा बारा-तेरा वर्षांचा पोर त्याच घोड्याच्या उघड्या पाठीवर टांग टाकून तबेल्याकडे निघतो. नातीच्या पुस्तकातलं चित्रच! फक्त त्या पोराला आपण कसल्या चित्रात आहोत हे माहीत नसतं.

माझ्या वर्गात अशा घरातला एक मुलगा होता. सुट्टीत मामाकडे माथेरानला घोड्यांमागे राबायचा. 'माझा आवडता प्राणी' ह्या निबंधात बाकीच्यांनी इमानी कुत्रा लिहिला. ह्याने घोडा लिहिला, आणि चेतकबिेतक काही नाही. लिहिलं होतं की संध्याकाळी खोगीर काढल्यावर पाठीवरून हात फिरवला की आज किती खेपा झाल्या ते कळतं. जिथे घोडा कातडी थरथरवतो तिथे उद्या जखम होणार. आणि जखम झाली तर मामा खोगीर चढवत नाही, मग घरात त्या दिवसाचे पैसे येत नाहीत. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले आणि निबंध मोठ्याने वाचून दाखवला.

गोष्टींतल्या आणि खऱ्या स्वारीत फरक असेल तर तो मला त्या निबंधात सापडतो. गोष्टीत उघडी पाठ ही बसणाऱ्याची हौस असते. खऱ्या आयुष्यात ती घोड्याची दिवसभराची जमाखर्चाची वही असते, आणि ती वाचणारा माणूस सहसा पुतळ्यावर नसतो. तो पखालजी असतो, मोतद्दार असतो, घोडेवाल्याचा भाचा असतो. चौकाचौकांत आपण घोड्यावरच्या माणसाला हार घालतो, ते योग्यच आहे. पण त्याला तिथवर पोचवणाऱ्या पाठीची काळजी कुणी घेतली, हेही मुलांना सांगायला हवं.

२०२२च्या डिसेंबरात माथेरानला ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून आल्या, तेव्हापासून घोड्यांचं पुढे काय हा वाद चालू आहे. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, शाळेच्या पोरांना रिक्षा हवीच. घोडेवाल्यांच्या पोटाचा प्रश्नही खोटा नाही. त्याचा निकाल माझ्यासारखीने काय लावावा! पण माझ्या नात्यागोत्यातली जी मंडळी माथेरानला जातात त्यांच्यासाठी एक सांगणं आहे. घोड्यावर बसण्याआधी भाव ठरवता ना, तेव्हाच घोडेवाल्याला म्हणा, दादा, जरा खोगीर उचलून पाठ दाखवा. जो आनंदाने दाखवेल, त्याच्या घोड्यावर खुशाल बसा आणि त्याच्याशी घासाघीस करू नका. त्या स्वच्छ, कोरड्या, बिनजखमेच्या पाठीमागे कुणाचा तरी रोजचा हात असतो.