टकळीचा धागा आणि घोंगडीचा इतिहास

महाराष्ट्रातील वस्त्रकलेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष पैठणीकडे सहज जाते. घोंगडीकडे ते क्वचितच वळते. वस्तुतः दख्खनच्या पठारावरील शेतकरी, गुराखी आणि मेंढपाळ यांना थंडीपावसात पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला तो घोंगडीनेच. या वस्त्राचा आरंभ मात्र मागावर नव्हे, टकळीवर होतो.

दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि बहुधा काळी. कातरलेली लोकर धुऊन, पिंजून तिचे पेळू करावयाचे आणि मग ते कातावयाचे. टकळी म्हणजे एक काडी व तिला वजन देणारी चकती. चिमटीने दिलेली गिरकी चकतीमुळे टिकते, तंतूंना पीळ बसतो आणि धागा काडीवर गुंडाळला जातो. चरख्याला बैठक लागते. टकळी चालता चालताही फिरते. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणाऱ्या धनगरांच्या भटक्या जीवनाशी हे साधन म्हणूनच सुसंगत होते.

या सुताला चिंचोक्याची खळ देऊन सनगर आणि खुटेकर विणकर घोंगडी विणीत. एका मागाला पुरेल इतके सूत काढण्यास अनेक हात लागत, आणि ते बहुतांशी स्त्रियांचे असत. तथापि विणणे हा जातीचा व्यवसाय म्हणून नोंदला गेला. कातणे घरकामात जमा झाले. विणणाऱ्याला नाव मिळाले, कातणारीला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते. लोकरीला देवापुढे हे स्थान लाभले. तिचा धागा करणाऱ्या श्रमाला समाजात तसे स्थान लाभले नाही.

विसाव्या शतकात टकळीला अनपेक्षित प्रतिष्ठा मिळाली. 1925 मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. 1937 च्या वर्धा शिक्षण योजनेने टकळी शाळेत नेली. परंतु हा गौरव मुख्यतः कापसाच्या सुताचा होता. 1962 मध्ये जयपूरलगतच्या टोंक जिल्ह्यात, मालपुऱ्याजवळ, केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था उभी राहिली. राजस्थानी लोकरीला गालिच्यांच्या उद्योगात मागणी होती, त्यामुळे तेथे हातकताईलाही काही आधार उरला. दख्खनी लोकरीला असा आश्रय मिळाला नाही. पानिपतची स्वस्त ब्लँकेटे गावोगावच्या बाजारांत आली, मेंढी मांसासाठी पाळली जाऊ लागली आणि कातरणीचा खर्चही निघेना, तेव्हा लोकर टाकून देण्याची वेळ आली.

आज घोंगडीच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न होतात, ते स्वागतार्हच आहेत. पण मोडलेला माग सुतार पुन्हा उभा करील. लोकरीला किती ताण सोसेल हे बोटांनी ओळखणारी कातणारी अशी घडवता येत नाही. ते ज्ञान सासूकडून सुनेकडे, पाहून आणि करून जात आले. घोंगडीच्या इतिहासात तिच्या श्रमाची नोंद होणे हे केवळ न्यायाचे नव्हे, त्या कलेच्या अस्तित्वाचेही काम आहे.