भाकरीची परीक्षा

श्रोतेहो, पावाला खमीर लागते, भट्टी लागते. आपल्या भाकरीला यांतले काही लागत नाही. पीठ, पाणी, तवा, जाळ आणि एक हात. मीठसुद्धा कितीतरी घरांत घालत नाहीत. पण हा जो हात आहे ना, तो बाजारात विकत मिळत नाही. आज त्या हाताचीच हकीकत सांगायची आहे.

ज्वारी मूळची आपली नव्हे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. ती आफ्रिकेतली. सुदानात सुमारे 5000 वर्षांपूर्वी माणसाने ती शेतात आणली आणि पुढे केव्हातरी ती आपल्याकडे पोचली. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 पासून बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत मुख्य पीक होते जवाचे, आणि दळायला होते पाटा-वरवंट्यासारखे दगड. फिरते जाते आपल्याकडे रुळले ते सातवाहनकाळाच्या सुमारास. जाते आले आणि त्याबरोबर पहाटेची ओवीही आली असेल. पण ओवी काही मातीत पुरून राहत नाही, म्हणून तिचा पुरावा मागू नका.

आता काठवटीकडे या. गव्हात ग्लूटेन नावाचे चिवट द्रव्य असते, त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नाही. मग ही भाकरी एकसंध राहते कशी? तर कढत पाण्याने पिठातले सत्त्व चिकट होते आणि तळहाताने रगडून रगडून ते एकजीव होते. पीठ मात्र ताजे हवे. जुने झाले की बायका म्हणतात, "पीठ विरी गेलं," आणि भाकरी कडेने चिरते. थापून झाली की ती अलगद उचलून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग चुलीपुढच्या निखाऱ्यावर उभी करायची. आतली वाफ कोंडते, पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. हे इतक्या वेळा पाहिले, तरी दर वेळी बरे वाटते. तुम्हांलाही वाटत असेल.

म्हणजे दाणा चांगला की वाईट, हे आधी त्या हाताला कळते. खळ्यावर रास मोठी दिसेल, तराजूत वजन भरेल. निकाल काठवटीत लागतो. सोलापूर जिल्ह्यात मोहोळला सरकारी संशोधकांनी गावरान ज्वारीतून निवड करून 'मालदांडी 35-1' हे वाण काढले, ते स्वातंत्र्याच्या आधी. रब्बीत ते अजूनही पेरतात. कारण विचारा. कोणी उताऱ्याचे सांगेल, कोणी कडब्याचे. घरातली बाई भाकरीचे सांगेल.

पुढे 1964 साली सीएसएच-1 हे संकरित वाण आले. लोक त्याला नुसते 'हायब्रीड' म्हणत. ताटे बुटकी, पीक लवकर, उतारा भरघोस. त्या टंचाईच्या काळात त्याची गरज होती, हे नाकारून चालणार नाही. पण पीक लवकर यायचे म्हणजे पाऊस सरायच्या आत यायचे. कणीस भिजले की दाणा काळा पडे. आणि भाकरी? "गोड लागत नाही," असे लोक म्हणत.

मग आला 1972 चा दुष्काळ. रेशनवर परदेशी तांबडी ज्वारी आली, तिला म्हणत मिलो. तिची भाकरी खाल्लेली माणसे आजही आपल्यात आहेत. त्या धान्याने जीव वाचले, हे ती मान्य करतात. पण भाकरीचा विषय काढला की चेहरा बदलतो. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईने रात्री चुलीपुढे बसावे आणि तिचा कसलेला हातही हुकावा! पोट भरले की झाले, असे म्हणणाऱ्याने ती भाकरी थापलेली नसते.

शास्त्रज्ञांनी पुढे ही तक्रार मनावर घेतली, हेही सांगितले पाहिजे. त्याच 1972 साली हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था निघाली. तिथे निरनिराळ्या वाणांच्या भाकऱ्या भाजून त्यांचा रंग, पोत, चव आणि शिळी झाल्यावरची गत तपासली गेली. 1981 साली ज्वारीच्या दाण्याच्या गुणवत्तेवर तिथे आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. आमच्या आज्या हेच काम बिनपगारी करीत होत्या, एवढाच फरक.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. मंगळवेढे म्हणजे दामाजीपंतांचे गाव. बहामनी अमदानीतल्या दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली, अशी कथा आहे.

गुरुजी आणि बाई, एक काम तुमच्याकडे आहे. वर्गातल्या मुलांना आजीकडे पाठवा आणि मिलोची भाकरी कशी होई ते विचारून यायला सांगा. ऐकतील ते वहीत उतरवू द्या, आजीच्याच शब्दांत. आणि जमले तर एखादी भाकरी त्यांनाही थापू द्या. पहिली फाटेल, काही हरकत नाही.