बल्ब नवा, तरी लुकलुकतो? होल्डर बदलताना भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका

पावसाळ्यात घोटी-इगतपुरी पट्ट्यात भिंतींना ओल धरते. ही ओल होल्डरपर्यंत पोहोचली की आतले स्क्रू आणि स्प्रिंगच्या पिना काळ्या पडतात, जोड सैल होतो आणि बल्ब लुकलुकायला लागतो. बल्ब बदलला, तरी तेच. अशा वेळी दोष बहुधा होल्डरचा असतो. होल्डर स्वस्त मिळतो आणि कामही छोटं आहे. धोका आहे तो वीज बंद आहे असं गृहीत धरण्यात.

बटण बंद म्हणजे वीज बंद?

नाही. दिव्याला दोन तारा लागतात, फेज आणि न्यूट्रल. बटण फेजच्या तारेवर असायला हवं. पण चुकून ते न्यूट्रलवर जोडलेलं असेल, तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, होल्डरमध्ये मात्र २३० व्होल्ट तसेच राहतात. बटण बंद असूनही एलईडी बल्ब मंद उजळत असेल, तर त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

म्हणून मेन स्विच किंवा एमसीबी खाली पाडायचा आणि तिथे घरातलं एक माणूस उभं करायचं. नाहीतर 'लाइट का गेली' म्हणून कुणीतरी तो वर करतं!

लाइट गेलेलीच आहे, मग उरकून घेऊ?

ही सवय सगळ्यात वाईट. गेलेली वीज सांगून परत येत नाही. लाइट नसली तरी मेन स्विच बंद करायलाच हवा.

घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी एक मेख आहे. मेन बंद होताच इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो दिव्यांच्या लाइनला बॅटरीवरून वीज द्यायला लागतो. हा झटकाही जीवघेणा असतो. त्यामुळे आधी इन्व्हर्टरचं बटण बंद, मग मेन.

टेस्टरवर किती विश्वास ठेवायचा?

अर्धाच. टेस्टरमधला निऑन दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं की तो मंद पेटतो आणि दिवसाउजेडी दिसतही नाही. आधी चालू सॉकेटवर टेस्टर पेटतो का ते बघावं. मेन बंद केल्यावर होल्डरच्या दोन्ही स्क्रूंना लावून पाहावा.

प्रत्यक्ष बदल

हात, पाय आणि स्टूल कोरडं हवं, पायात रबरी चप्पल. बल्ब थंड झाल्यावर काढावा, झाकण उघडावं आणि तारा सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा. तारेचं टोक जळून काळं पडलं असेल तर तेवढं कापून नवं टोक सोलावं. उघडं तांबं फक्त स्क्रूखाली मावेल इतकंच. एकही केस बाहेर राहता कामा नये, तो शेजारच्या तारेला टेकला की शॉर्टसर्किट. स्क्रू आवळल्यावर तार हलकेच ओढून बघावी. नेहमीच्या पिनवाल्या होल्डरमध्ये दोन तारांची अदलाबदल झाली तरी दिवा लागतो. आट्यांच्या होल्डरमध्ये मात्र फेज मधल्या टोकालाच जोडावा लागतो, नाहीतर बल्ब फिरवताना बोट लागणाऱ्या धातूच्या कड्यात वीज येते.

वायरमनला कधी बोलवायचं?

झाकणाखाली दोनाऐवजी तीन-चार तारा निघाल्या, तारेचं प्लास्टिक हात लावताच तुकडे होऊन पडलं, ब्लॉकमागून पाणी झिरपत असलं किंवा भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर झाकण तसंच ठेवून मेन बंदच ठेवावा. ओल्या भिंतीवर नवा होल्डर बसवून उपयोग नाही, आधी गळती थांबवावी लागते.

मीटर आणि खांबावरून येणारी तार यांना वायरमननेही परस्पर हात लावायचा नसतो, ते काम महावितरणचं. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.