सागाचा रंग आणि रोगणाची गोष्ट

वसईतल्या जुन्या माडीच्या घरांत सागवानी तक्तपोशी अजून पाहायला मिळते. अशाच एका घरातल्या स्नेह्यांनी माडीच्या फळ्यांना रंधा मारून घेतला आणि सुताराला बजावले, "व्हार्निश लाव, पण लाकडाचा रंग बदलता कामा नये." तेलाचे व्हार्निश लागले. तीन आठवडे झाले तरी पाय चिकटत होते, वर फळ्याही पिवळट दिसू लागल्या. सगळा दोष सुताराच्या माथी आला. खरा दोष सागाचा आणि तेलाचा होता!

'रोगण' हा शब्द फारसीतून आला; तिकडे त्याचा अर्थ तेल. जवसाचे तेल वाळते ते पाण्यासारखे उडून जाऊन नव्हे. ते हवेतला ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पापुद्रा धरतो. सागातली काही द्रव्ये नेमकी याच क्रियेला अडवतात. गंमत अशी, की वाळवी आणि बुरशी दूर राहतात तीही सागातल्या अशाच द्रव्यांमुळे. पोर्तुगीज अमलात (१५३४ ते १७३९) वसईला जहाजे बांधली जात, आणि या किनाऱ्यावर जहाजासाठी सागाइतका मान दुसऱ्या लाकडाला नव्हता. मुंबईत वाडियांनी बांधलेले, १८१७ साली पाण्यात उतरलेले सागवानी 'त्रिंकोमाली' जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

मग जुने कारागीर सागाला चकाकी कशी देत? लाखेने. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावली, की स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा थर मागे उरतो. इथे ऑक्सिजनचे काम नाही, त्यामुळे सागाचा अडथळाही नाही. लाखेविषयी गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात लिहिले आहे. वसईच्या अमलाखालचे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. लाख मुंग्या तयार करतात, असा त्याचा समज होता. १७८१ साली जेम्स कर याने लाखेच्या किड्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले; त्या किड्याच्या 'केरिया' या नावात कर अजून आहे.

कच्ची लाख तांबडी असते. धुऊन, वितळवून तिचा चपडा केला की ती मधासारखी दिसते आणि विरंजन केल्यावर जवळजवळ रंगहीन होते. पण तिला पाणी सोसत नाही. वसईच्या पावसाळ्यात ओल्या पायांनी चार फेऱ्या घाला, पांढरे डाग उमटलेच! खुर्चीला ठीक, जमिनीला नुसती लाख नको.

तेलाचा पिवळेपणा मुख्यतः लिनोलेनिक आम्लामुळे येतो. जवसात ते निम्म्याच्या आसपास असते, आपल्या करडईत जवळजवळ नसते. म्हणून करडईचे तेल कमी पिवळे पडते, मात्र वाळते सावकाश. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा मार्ग काढला आणि पुढे जमिनीसाठी टणक रोगणे आली. त्यांतही भेद आहे: ॲरोमॅटिक प्रकार उजेडात पिवळा पडतो, ॲलिफॅटिक सहसा पडत नाही.

पण 'लाकडाचा रंग' म्हणजे तरी कोणता? ताजा रंधलेला साग हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचा असतो. सोनेरी रंग येतो तो हवा आणि उजेड लागल्यावर. लाकडातले लिग्निन अतिनील किरण शोषते आणि बदलते. वरचे रोगण पारदर्शक असले, तरी खालचे लाकूड बदलतच राहते. वर्गात करून पाहा: ताज्या रंधलेल्या सागाच्या तुकड्यावर काळ्या कागदाची पट्टी चिकटवा, तुकडा खिडकीत ठेवा आणि महिन्याने पट्टी काढा.

स्नेह्यांनी शेवटी तो चिकट थर खरवडून काढला. फळ्या थिनरने पुसल्या, मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात दिला आणि त्यावर ॲलिफॅटिक रोगण लावले. या खेपेला ते वाळले. मग वर्षभराने कोपऱ्यातला पेटारा हलवला, तर त्याच्याखाली एक फिकट चौकोन!