अंघोळ कुणाच्या खात्यात?

म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालणं हे वैद्यकीय काम की सामाजिक? हसू नका मंडळी. इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकात भलीभली माणसं मीटिंगा घेऊन यावर डोकं लढवत होती. 'हेल्थ बाथ' एनएचएसची नर्स घालणार, फुकट. 'सोशल बाथ' कौन्सिलने पाठवलेली बाई घालणार, आणि त्याचे पैसे पडू शकतात. पाणी तेच, पाठही तीच!

असं काही दिसलं की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे हात शिवशिवतात. दोन सिस्टिम एकमेकींशी बोलत नाहीत? मग टाका मध्ये एक इंटरफेस. पण याचा इतिहास वाचल्यावर माझं मत झालंय की भानगड डेटाची नाहीच, बिलाची आहे.

तारीख ५ जुलै १९४८. या दिवशी एनएचएस सुरू झाली हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याच दिवशी नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्ट हा दुसरा कायदाही लागू झाला, आणि त्याने जुना 'पूअर लॉ' मोडीत काढला. पूअर लॉ म्हणजे ज्याला कुणी नाही त्याने शेवटी वर्कहाउसात जाऊन पडायचं. तिथल्या म्हाताऱ्यांना मरणापेक्षा त्याचीच धास्ती जास्त.

कायदा गेला, पण त्या इमारती आणि आतली माणसं कुठे जाणार? त्यांची वाटणी झाली. 'आजारी' ते एनएचएसकडे, फुकट. 'आजारी नाही, पण थकलेले' ते कौन्सिलकडे, ऐपतीप्रमाणे पैसे भरून. काही ठिकाणी तर एकाच वर्कहाउसचा अर्धा भाग हॉस्पिटल झाला आणि अर्धा वृद्धाश्रम.

दोन्ही कायदे आणणारा मंत्री एकच, अन्यूरिन बेव्हन. त्याच्या डोक्यात हॉटेलचं चित्र होतं: म्हातारा पाहुणा, आणि स्वतःचे पैसे मोजतोय म्हणून ताठ मानेने राहणारा. पेन्शन आठवड्याला २६ शिलिंग, त्यातले २१ राहण्याखाण्याचे, ५ खिशात. हेतू चांगलाच होता हो. पण १९६२ मध्ये पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने असे वृद्धाश्रम पालथे घालून पुस्तक लिहिलं, तेव्हा हजारो म्हातारे अजून त्या जुन्या वर्कहाउसांतच राहत होते.

आणि 'आजारी' कोण, हे तरी कुठे पक्कं होतं? १९३५ मध्ये डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे लंडनच्या पश्चिमेला एका पूअर लॉ इस्पितळातले ७१४ रुग्ण आले. कायमचे अंथरुणाला खिळलेले म्हणून सोडून दिलेले. बाईंनी एकेकाला तपासलं, व्यायाम दिला, आणि त्यातले कितीतरी उठून चालायला लागले. पुढे उलटं झालं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत एनएचएसने म्हाताऱ्यांच्या दीर्घ मुक्कामाच्या खाटा भराभर बंद केल्या. पूर्वी जो माणूस वॉर्डात फुकट राहिला असता तो आता नर्सिंग होममध्ये पैसे भरू लागला. रेषा सरकली, आणि त्यावर ना निवडणूक झाली ना धड चर्चा.

आजचा हिशेब बघा. कॅन्सर झाला तर उपचार फुकट. डिमेन्शिया झाला तर रोजची देखभाल बहुतेकदा 'सामाजिक' ठरते. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांच्या वर मालमत्ता असली की कौन्सिल हात वर करते. केअर होममध्ये जाणाऱ्याचं घरही त्यात धरतात, मागे जोडीदार राहत नसेल तर. माझ्या टीममधला एक इंग्रज सहकारी याच पायी आईचं घर विकत होता. घर जातंय यापेक्षा, आईचा रोग 'चुकीचा' निघाला याचा त्याला जास्त राग होता.

१९९९ मध्ये रॉयल कमिशनने सांगितलं की अंगमेहनतीची ही देखभाल फुकट करा. स्कॉटलंडने २००२ पासून ६५ वर्षांवरच्यांसाठी केलीसुद्धा. इंग्लंडने काय केलं? २००३ मध्ये कायदा केला: कौन्सिलमुळे पेशंट हॉस्पिटलात अडकला तर दिवसाला १०० पौंड दंड (लंडनकडे १२०). म्हणजे एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात! २०१८ मध्ये मंत्रालयाच्या नावात 'सोशल केअर' घातलं. बिलाचं काय? आयुष्यभराच्या खर्चाला ८६,००० पौंडांची मर्यादा ऑक्टोबर २०२३ पासून येणार होती, ती आधी पुढे ढकलली आणि २०२४ मध्ये रद्दच केली.

आता लुईज केसी यांचा आयोग बसलाय. अंतिम अहवाल २०२८ पर्यंत द्यायचाय.