गॅस भट्टी (लोहारकाम)

गॅस भट्टी ही प्रोपेन किंवा द्रवीभूत पेट्रोलियम वायू (एलपीजी) जाळून लोखंड व पोलाद घडाईयोग्य तापमानापर्यंत तापवणारी लहान, बंदिस्त भट्टी होय. कोळशाच्या पारंपरिक भट्टीत धातू थेट निखाऱ्यांत खुपसून भात्याने हवा दिली जाते. गॅस भट्टीत ज्वाला प्रथम कोठीच्या भिंती तापवते आणि तापून पिवळसर झालेल्या भिंती प्रारणाने धातूला उष्णता देतात. यामुळे भिंतींचे उच्चतापसह अस्तर आणि बर्नर (ज्वालक) यांची निवड वेगवेगळी करता येत नाही. कार्बनी पोलादाच्या घडाईस साधारणतः १,००० ते १,२०० °से., तर दोन तुकडे ठोकून एकजीव करण्याच्या घडाई-जोडास सुमारे १,२५० ते १,३०० °से. तापमान लागते. सुऱ्या घडवणारे कारागीर व हौशी लोहार अशी भट्टी अनेकदा स्वतःच बांधतात.

कोठीचे आकारमान

बांधणीची सुरुवात बर्नरपासून न करता कोठीच्या आकारमानापासून करणे योग्य. हौशी लोहारांत रूढ असलेल्या ठोकताळ्यानुसार पाऊण इंची नळीचा एक चांगला बर्नर सुमारे ५.७ लिटर (३५० घनइंच) कोठी घडाई-जोडाच्या तापमानापर्यंत नेतो. २५ सेंमी. व्यासाच्या व ३० सेंमी. लांबीच्या पत्र्याच्या कवचाला आतून ५ सेंमी. जाडीचे अस्तर दिल्यास १५ सेंमी. व्यासाची, म्हणजे सुमारे ५.३ लिटरची कोठी उरते. तिला एक बर्नर पुरतो. पैसे वाचवण्यासाठी अस्तर २.५ सेंमी. ठेवले, तर कोठी सुमारे ९.४ लिटरची होते, शिवाय भिंतीतून उष्णताही अधिक निसटते. मग दोष बर्नरला दिला जातो.

उच्चतापसह अस्तर

सर्वाधिक वापर सिरॅमिक तंतूंच्या चादरीचा (ब्लँकेट) होतो. ॲल्युमिना व सिलिका यांच्या तंतूंची ही चादर बहुधा २५ मिमी. जाडीची असते व तिचे दोन थर दिले जातात. नेहमीच्या प्रकाराची घनता दर घनमीटरला १२८ किग्रॅ. व वर्गीकरण तापमान १,२६० °से. असते. घट्ट अग्निविटेच्या तुलनेत तिचे वस्तुमान फारच कमी असल्याने भट्टी काही मिनिटांत तापते. १,२६० हा आकडा अखंड वापराची मर्यादा नव्हे. घडाई-जोड करायचा असल्यास उघड्या चादरीवर विसंबू नये.

उघडी चादर आरोग्यासही घातक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे तंतू ‘२ब’ गटात, म्हणजे मानवात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले आहेत. दीर्घकाळ तापल्यावर तंतूंत क्रिस्टोबलाइट हे स्फटिकी सिलिकेचे रूप तयार होते व चादर ठिसूळ होऊन तिची धूळ सुटू लागते. म्हणून चादरीवर कलिली सिलिकेचा फवारा मारून ती कडक करतात व त्यावर १ सेंमी.च्या आसपास जाडीचा उच्च-ॲल्युमिना कास्टेबलचा थर देतात. हा थर टाकणखारापासूनही संरक्षण करतो. घडाई-जोडात अभिवाह म्हणून वापरलेला वितळलेला टाकणखार सिलिकायुक्त तंतूंना अक्षरशः विरघळवतो. तळाला लवकर खड्डा पडण्याचे नेहमीचे कारण हेच.

कास्टेबलमधील पाणी घाईने तापवल्यास वाफ होऊन थर फुटतो. त्यामुळे तो घट्ट झाल्यावर सावकाश वाळवून, मंद आचेपासून टप्प्याटप्प्याने तापवावा लागतो.

सच्छिद्र इन्सुलेशन विटा उष्णता चांगली रोखतात व करवतीने कापता येतात. पण वारंवार तापवल्या-निवल्याने तडकतात आणि टाकणखारापुढे टिकत नाहीत. घट्ट अग्निविटा चिवट खऱ्या, परंतु त्या स्वतःच पुष्कळ उष्णता पितात. त्यांचा उपयोग तळाची फरशी व तोंडाचे अडसर म्हणून करणे बरे. प्लास्टर ऑफ पॅरिस व वाळू यांचे मिश्रण स्वस्त म्हणून सुचवले जाते, पण या तापमानाला कॅल्शियम सल्फेटचे विघटन होते व अस्तर ढासळते. साधे सिमेंट काँक्रीट तर वाफेच्या दाबाने तुकडे उडवते. कवचासाठी जस्तलेपित पत्रा टाळावा, कारण तापल्यावर निघणाऱ्या जस्ताच्या धुराने ज्वर येतो.

बर्नर

बर्नरचे दोन मुख्य प्रकार आहेत. व्हेंच्युरी बर्नरमध्ये बारीक जेटमधून वेगाने सुटणारा वायू आजूबाजूची हवा ओढून घेतो. वीज लागत नाही, मात्र जेट नळीच्या मध्यरेषेत बसवावा लागतो. थोडासा तिरका असला तरी ज्वाला अस्थिर होते. पंख्याच्या बर्नरमध्ये हवा ब्लोअरने देतात. त्याचे मोजमाप एवढे काटेकोर नसते व वायू-हवेचे प्रमाण सहज बदलता येते. वीज गेल्यावर मात्र हवा थांबते आणि वायू वाहतच राहतो. भारनियमन असलेल्या भागात वीज जाताच वायू आपोआप बंद करणारी सोलेनॉइड झडप अत्यावश्यक आहे.

एक घनफळ प्रोपेन पूर्ण जळण्यास सुमारे २४ घनफळे हवा लागते, ब्यूटेनला सुमारे ३१. परदेशी आराखडे बहुधा शुद्ध प्रोपेनसाठी असतात, तर भारतातील एलपीजी हे प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. तोच जेट येथे वापरल्यास हवा कमी पडून ज्वाला लांब व आळशी होते. जेटचे छिद्र थोडे लहान केल्याने हा दोष बराच कमी होतो. किंचित क्षपणक ज्वाला पोलादावर पापुद्रा कमी धरू देते, पण तीत कार्बन मोनॉक्साइड अधिक निर्माण होतो.

नळीचे टोक कोठीत डोकावू न देता अस्तरात थोडे मागे ठेवावे, अन्यथा ते जळून जाते. बर्नर वरच्या बाजूस असल्यास भट्टी बंद केल्यावर गरम हवा नळीतून वर चढते. तेव्हा हवेचे तोंड झाकावे.

इंधन व सुरक्षितता

घरगुती शेगडीचा रेग्युलेटर अतिशय कमी दाब देतो, म्हणून व्हेंच्युरी बर्नरला उच्चदाब रेग्युलेटर व त्यास साजेशी नळी लागते. घरगुती सिलिंडरचा व्यावसायिक वापर भारतात बेकायदेशीर आहे. त्यासाठी १९ किग्रॅ.चा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. सलग वापरात बाष्पीभवनामुळे सिलिंडर गार पडून दाब उतरतो, आणि ब्यूटेन सुमारे −०.५ °से.लाच उकळत असल्याने थंडीत हे अधिक जाणवते. मोठा सिलिंडर वापरणे हा त्यावरील उपाय. सिलिंडरला आच देणे प्राणघातक आहे.

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत व खोलगट जागी साचतो. जोडांची तपासणी साबणाच्या पाण्याने करतात. भट्टी उघड्यावर किंवा आरपार वारा खेळेल अशा छपराखालीच चालवावी. पेटवताना आधी ज्वाला कोठीच्या तोंडाशी धरून मगच वायू सोडतात. उलट क्रम केल्यास कोठीत साचलेले मिश्रण भडकून चेहरा व हात भाजतात.