शिकवणीचा वर्ग : पुण्याचा आणि मुलुंडचा

गुरुदक्षिणा विद्या पुरी झाल्यावर द्यावयाची असते. फी मात्र विद्या सुरू होण्यापूर्वींच भरावी लागते. शिकवणीच्या धंद्याचें सारें बळ आणि सारा धोका या एवढ्याशा फरकांत सांठविलेला आहे. महाराष्ट्रांत हा धंदा कसा वाढला हें पाहूं गेल्यास एका टोकाला लोकमान्य टिळकांचा लॉ क्लास दिसतो आणि दुसऱ्या टोकाला मुलुंडसारखें उपनगर.

१८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढलें. पुढच्या वर्षीं आगरकर त्यांस येऊन मिळाले. १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्यें फर्ग्युसन कॉलेज उभें राहिलें. आजीव सभासदांनीं बेताच्या वेतनावर राहावें, सगळा वेळ संस्थेस द्यावा आणि बाहेरची कमाई करूं नये, असा टिळकांचा आग्रह होता. सहकाऱ्यांना हा नियम इतका कडक नको होता. वाद विकोपास गेला आणि १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेंतून बाहेर पडले. बाहेर पडल्यावर त्यांनीं उपजीविकेसाठीं जो मार्ग धरला तो स्वतःच्या वर्गाचा.

हें तत्त्वाला सोडून झालें काय? वरवर पाहणारास तसें वाटेल. परंतु संस्थेचें वेतन घेऊन बाहेर कमावणें निराळें, आणि संस्था सोडून उघडपणें आपल्या नांवावर वर्ग चालविणें निराळें. हा भेद पुष्कळांना अजूनहि नीट उमगलेला नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमानें शाळेंतील शिक्षकाला खासगी शिकवणी करण्याची मनाई केली. तीहि याच भेदावर उभी आहे.

सरकारी नोकरी करावयाची नाहीं हें टिळकांचें आधींच ठरलेलें होतें. १८७९ सालीं ते एल्‌एल्. बी. झाले होते, तरी कोर्टांत उभें राहून वकिली करण्याच्या वाटेस ते गेले नाहींत. इकडे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ हीं पत्रें कर्जासह त्यांच्या अंगावर आलेलीं. तेव्हां हायकोर्ट प्लीडर व डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षांसाठीं विद्यार्थी तयार करण्याचा वर्ग त्यांनीं उघडला. त्याची गरज खरी होती. कायद्याचें सरकारी शिक्षण मुंबईंत १८५५ पासून मिळत होतें. पुण्याचें लॉ कॉलेज निघावयास १९२४ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत ज्या होतकरू तरुणाला मुंबईंत बिऱ्हाड करणें परवडत नव्हतें, त्याला मार्ग दाखविणारा कोणी तरी हवाच होता. संस्थेनें जी जागा मोकळी ठेविली तेथें वर्ग उगवतो; आणि पुढें संस्था निघाल्या तरी परीक्षा आहे तोंवर तो सहसा जात नाहीं.

याच काळांत टिळकांनीं भागीदारींत लातुरास कापसाचा जिनिंगचा कारखानाहि काढला. या दोन उद्योगांची तुलना बोधप्रद आहे. कारखान्याला यंत्र हवें, भांडवल हवें, कापसाचा हंगाम चांगला हवा. वर्गाला एक खोली, एक फळा आणि विषय पचविलेला एक मनुष्य पुरतो. इतक्या थोड्या भांडवलावर उभा राहणारा दुसरा सुशिक्षिताचा धंदा शोधूनहि सांपडणार नाहीं. म्हणूनच तो करूं पाहणारे पुष्कळ असतात.

पण त्या एका मनुष्याचा वेळ हीच वर्गाची मर्यादा. टिळक १८९५ त कायदेमंडळांत गेले. पाठोपाठ दुष्काळ आला आणि प्लेग आला. १८९६ मध्यें नरसिंह चिंतामण केळकर साताऱ्याहून पुण्यास आले, ते पत्रांच्या आणि वर्गाच्या कामांत हात देण्यासाठींच. २७ जुलै १८९७ रोजीं टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि सप्टेंबरांत अठरा महिन्यांची सजा लागली. या धामधुमींत वर्ग मागें पडला. ‘केसरी’ मालक तुरुंगांत असतांहि निघत राहिला, कारण त्याला छापखाना होता, लेखक होते. वर्गाला टिळकांवांचून दुसरें कांहींच नव्हतें.

टिळकांचें नांव पुढें अनेक शाळांनीं घेतलें. त्यांतलीच पार्ल्याची टिळक विद्यालय ही १९२१ सालची शाळा; तिच्याच संस्थेनें १९७० मध्यें मुलुंडांत वाणिज्य महाविद्यालय काढलें. १९८४ त केळकर ट्रस्टचें वझे महाविद्यालय निघालें. (हे केळकर निराळे, सुगंधी द्रव्यांच्या कारखान्याचे.) १८५३ त ठाण्याला गेलेली पहिली आगगाडी ज्या शिवारांतून धांवली, तेथें १९२२ च्या सुमारास क्राउन अँड कार्टर या वास्तुकारांनीं स्टेशनापासून पांच रस्त्यापर्यंत सरळ रस्त्यांची आंखणी केली, आणि हळूहळू तेथें मराठी, गुजराती व दाक्षिणात्य पगारदार कुटुंबें दाट वसलीं. शेतीवाडी नाहीं, पेढी नाहीं; मुलाच्या हातीं द्यावयाचें तें मार्कांचें प्रगतिपत्रक. १९८३ त राज्य सरकारनें विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. मोकळ्या जागेवर प्रवेश हवा तर बारावीचे गुण हवे, आणि गुणांसाठीं क्लास हवा, हें गणित घरोघर पाठ झालें.

अशा काळांत, १९८८ मध्यें, महेश शेट्टी यांचें महेश ट्युटोरियल्स सुरू झालें. पुढें २००६ मध्यें ‘एम्.टी. एज्युकेअर’ ही कंपनी झाली. तिचें नोंदलेलें कार्यालय मुलुंडांतच. २०१२ च्या एप्रिलांत तिचे शेअर ८० रुपये दरानें विकले जाऊन बाजारांत आले. शिकवणीचा वर्ग शेअरबाजारांत विकला जावा, ही गोष्ट टिळकांच्या पिढीला चमत्कारिक वाटली असती. २०१८ त कंपनीचा ताबा झी लर्नकडे गेला, आणि २०२२ च्या डिसेंबरांत कंपनी न्यायाधिकरणानें तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू केली.

एका कंपनीच्या भाग्यावरून सगळ्या धंद्याची पारख करणें अन्यायाचें होईल. मात्र वर्ग वाढूं लागला म्हणजे काय घडतें तें पाहण्यासारखें आहे. वर्षाची फी जूनमध्यें गोळा होते. भाडें आणि शिक्षकांचे पगार दर महिन्याला जातात. जूनमधली थैली नफा वाटते. खरें पाहतां ती विद्यार्थ्यांचें ऋण असते, मार्चपर्यंत तासातासानें फेडावयाचें. हिशेब न ठेवणारा चालक त्याच थैलींतून दुसऱ्या शाखेचें भाडें भरतो, आणि दुसरी शाखा चालावी म्हणून तिसरी काढावी लागते. शिवाय उत्तम शिकवणारा नोकर-शिक्षक फार दिवस नोकर राहत नाहीं. विद्यार्थी त्याला ओळखूं लागले कीं दोन गल्ल्या सोडून त्याची पाटी लागते. टिळकांच्या वर्गाला ही अडचण नव्हती, कारण मालक आणि शिक्षक एकच होते. ते गेल्यावर वर्ग बंद पडला, पण त्या बंद पडण्यानें धक्का बसला तो थोड्या विद्यार्थ्यांना. २०२५ च्या जानेवारींत उत्तर हिंदुस्थानांत एका नामांकित कोचिंग संस्थेचीं अनेक केंद्रें एकाएकीं बंद झालीं, तेव्हां आगाऊ फी भरलेले पालक दारांत उभे राहिले.

तत्पूर्वींच, जानेवारी २०२४ मध्यें, केंद्र सरकारनें मार्गदर्शक तत्त्वें काढलीं होतीं. सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग केंद्रांत घेऊं नये, आणि पूर्ण फी भरून मध्येंच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असें त्यांत आहे. पहिला नियम दहावीच्या वर्गांना पेलणें कठीण आहे. पण दुसरा सरळ हिशेबाचा आहे. आणि शिकवणीच्या खोलींत दहाबारा मुलें घेऊन गणित शिकविणाऱ्या, महिन्याची फी महिन्याला घेणाऱ्या गृहस्थाला त्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. परत करावयाचें असें त्याच्याजवळ फार तर एका महिन्याचें असतें.